केसपेपरवरची एक ओळ



बँकेच्या नोकरीत आयुष्यभर मी इतरांच्या वह्या तपासल्या. कर्ज मागणाऱ्याचा ताळेबंद समोर आला की मनात पहिली शंका हीच येई : हीच वही खरी, की कपाटात आणखी एक आहे? निवृत्तीनंतर ही सवय मागे पडली असे मी समजत होतो. परंतु गेल्या वर्षभरात दोन रात्री रुग्णालयाच्या अपघात विभागात बसण्याचा प्रसंग आला, आणि दोन वह्यांचा तोच प्रकार मला तेथेही आढळला. दोन्ही रात्री वाद एकाच ओळीचा होता. जखमी माणूस दाखल होताना डॉक्टर केसपेपरवर लिहितात ती ओळ : ‘श्वासाला मद्याचा वास आहे’, किंवा ‘नाही’.

पहिली रात्र आषाढ अमावास्येची. चातुर्मास सुरू होऊन पंधरवडा झाला होता. आपल्या घरांतून एकासणे, आयंबिल, उपवास चालू असतात, त्याच दिवसांत बाहेर गटारी साजरी होते. कल्याणात माझ्या एका स्नेह्यांची हार्डवेअरची पेढी आहे. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी दुपारी गोदामातील माणसांच्या हातावर थोडे थोडे पैसे ठेवले आणि सुट्टी दिली. पैसे कशासाठी, हे देणाऱ्यालाही ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही. सायंकाळी सातच्या सुमारास अडकून पडलेला मालाचा ट्रक आला. जवळ राहणाऱ्या दोघा-तिघांना फोन करून परत बोलावण्यात आले. त्यांतील एक जण शिडीवरून माळ्यावर खोकी चढवताना आठ-दहा फुटांवरून खाली पडला.

मी योगायोगाने पेढीवर बसलो होतो, म्हणून रिक्षातून बरोबर गेलो. वाटेत तो बोलत होता, नंतर पेंगू लागला. अपघात विभागात एक तरुण डॉक्टर ताई होत्या. त्यांनी काही विचारण्याआधीच आमचे दिवाणजी पुढे झाले. “डॉक्टरसाहेब, हा प्यायलेला होता, हे जरूर लिहा. उद्या भरपाईची भानगड नको.” स्नेह्यांनी त्यांना अडवले नाही. मीही अडवले नाही.

डॉक्टर ताई म्हणाल्या, “काका, वास येतो आहे, तो मी लिहितेच आहे. पण ही झोप दारूची आहे की डोक्याच्या माराची, ते मला वासावरून कळत नाही. आणि तुम्हालाही कळत नाही.”

त्यांनी त्याला हाका मारल्या, चिमटा काढून पाहिला, डोळ्यांत विजेरीचा प्रकाश टाकला. डोळे कधी उघडतो, काय बोलतो, हातपाय कसे हलवतो, या तीन गोष्टींना गुण देण्याची ही पद्धत १९७४ मध्ये ग्लासगो येथील दोन मेंदू-शल्यविशारदांनी घालून दिली. आज ती जगभर वापरली जाते. अर्ध्या तासाने त्यांनी पुन्हा गुण मोजले, ते कमी भरले. सीटी स्कॅन झाला. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साठत होते. रातोरात त्याला मोठ्या रुग्णालयात हलवून शस्त्रक्रिया करावी लागली. ‘प्यायला आहे, झोपू द्या, सकाळी उतरेल’ असे म्हणून आम्ही त्याला गोदामाच्या ओट्यावर निजवले असते, तर सकाळ त्याने पाहिली नसती.

रात्री अकराच्या सुमारास त्याची पत्नी आली. तिने रडारड केली नाही. माझ्या स्नेह्यांना तिने एवढेच विचारले, “शेठ, सुट्टी दिली होती ना? मग परत का बोलावलं?” शेठजींपाशी उत्तर नव्हते.

दुसरी रात्र ३१ डिसेंबरची. दीड वाजता दूरध्वनी आला. परिचितांचा सव्वीस वर्षांचा मुलगा. घोडबंदर मार्गावर त्याची मोटार दुभाजकावर चढून उलटली होती. सुदैवाने दुसऱ्या कोणाला इजा झाली नाही. मुलाच्या मांडीचे हाड मोडले होते. वडील म्हणाले, “काका, तुम्हाला विम्यातलं कळतं. डॉक्टर ओळखीचे आहेत तुमच्या. कागदावर तेवढं एक येऊ देऊ नका.”

येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. मी गेलो, आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन तो शब्द मी टाकला. शब्द टाकताना माझा आवाज खाली गेला होता, हे मला आठवते. डॉक्टर रागावले नाहीत. ते मुलाच्या वडिलांकडे वळून म्हणाले, “थोड्या वेळात याला भूल द्यावी लागेल. पोटात काय आहे, किती आहे, हे भूलतज्ज्ञ मला विचारतील. काहीच घेतलेलं नाही, असं सांगू का?”

वडील भिंतीकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, “चार-पाच पेग झाले असतील. जेवलाही आहे.” ती ओळ कागदावर उतरली, आणि भूल देणाऱ्यांनी त्याप्रमाणे काळजी घेतली.

घरी परतताना मनात एकच विचार होता. आषाढात हीच ओळ लिहून घेण्यासाठी आमची माणसे घाई करीत होती. पौषात ती पुसण्यासाठी मीच धावलो. हमालासाठी एक वही, मुलासाठी दुसरी. बँकेत अशी दोन पुस्तके सापडली असती, तर मी कर्ज नामंजूर केले असते.

ही ओळ इतकी महत्त्वाची का, हे थोडे समजून घेऊ.

डॉक्टरांच्या दृष्टीने ती न्यायनिवाड्याची ओळ नसून उपचाराची आहे. मद्यामुळे वेदना बोथट होते, म्हणून पोटातील किंवा मणक्याची इजा रुग्ण स्वतः सांगू शकत नाही. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुगून शरीराची उष्णता निघून जाते. उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. भूल देताना तो अधिकच वाढतो. आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे मद्याची ग्लानी आणि मेंदूतील रक्तस्रावाची ग्लानी बाहेरून सारखीच दिसते.

याच्या उलट चूकही होते, आणि ती आपल्या समाजाला अधिक जवळची आहे. मधुमेहाचा रुग्ण औषध किंवा इन्सुलिन घेऊन उपवास करतो. रक्तातील साखर एकदम उतरते. तो अडखळत चालतो, असंबद्ध बोलतो, घामाघूम होतो. रस्त्यावर पडलेल्या अशा माणसाला लोक ‘बेवडा’ म्हणून ओलांडून जातात. पर्युषणाच्या दिवसांत असा एखादा गृहस्थ ठाणे किंवा डोंबिवली स्थानकाच्या पुलावर पडला, तर तो आपल्याच घरातील असू शकेल. म्हणून वास येवो अथवा न येवो, पडलेल्या माणसाला प्रथम रुग्ण समजावे. मधुमेही व्यक्तीने तपश्चर्येपूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि खिशात आजाराची चिठ्ठी ठेवावी.

अपघात विभागात येणाऱ्यांपैकी किती जणांच्या इजेमागे मद्य असते? आपल्याकडील सरकारी आकड्यांवरून हे नीट समजत नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत मद्यपान करून वाहन चालवणे हे कारण पोलिसांच्या नोंदींत अवघ्या दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास दिसते. बहुतेक अपघात अतिवेगाच्या खात्यावर जमा होतात. वेग कशाने वाढला, हा रकाना रिकामाच राहतो. शिवाय जिन्यावरून पडलेले, रूळ ओलांडताना सापडलेले, मारामारीत जखमी झालेले, या हिशेबात येतच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने या शतकाच्या आरंभी बारा देशांतील रुग्णालयांच्या अपघात विभागांत एक मोठा अभ्यास घडवून आणला. भारतातर्फे त्यात बंगळूरचा समावेश होता. पद्धत साधी होती. जखमी माणसालाच विचारायचे : इजा होण्याआधीच्या सहा तासांत मद्य घेतले होते काय, आणि मागील आठवड्यात याच वारी, याच वेळी घेतले होते काय? म्हणजे तुलना त्याची त्याच्याशीच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दहा देशांतील ४,३२० रुग्णांचा हिशेब होता. मद्य घेतल्यानंतरच्या सहा तासांत इजा होण्याचा धोका सरासरी साडेपाच पटींहून अधिक आढळला. एकाच पेल्याने तो तिपटीच्या वर गेला होता, आणि सहा किंवा अधिक पेल्यांनी दहापटीवर. ‘मी एवढ्याशाने डगमगत नाही’ म्हणणाऱ्यांनी यातील पहिला आकडा लक्षात ठेवावा. २०१९ या एका वर्षात जगात मद्यामुळे झालेल्या मृत्यूंची संख्या याच संघटनेने २६ लाख धरली आहे. त्यांतील सुमारे ७ लाख २४ हजार मृत्यू इजांमुळे झालेले होते.

आता कायदा आणि पैसा, हा माझा जुना विषय.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळल्यास गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. शरीर दर तासाला साधारण पंधरा ते वीस मिलिग्रॅम या गतीने मद्य निकालात काढते. म्हणजे मध्यरात्री ६० असलेला आकडा पहाटे चारपर्यंत शून्यावर येऊ शकतो. रक्ताचा नमुना लांबवण्याची धडपड त्यासाठीच असते.

वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे एका मोटारीने पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडले. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे मर्यादेच्या पावणेचार पट मद्य निघाले. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली.

याउलट १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे काय घडले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. एका धनिक व्यावसायिकाच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मरण पावले. मुलाचे रक्त ससून रुग्णालयात घेतले गेले. दुसरा नमुना औंध येथील रुग्णालयात घेतलेला होता. दोन्हींची डीएनए तपासणी झाली, तेव्हा ते एका माणसाचे नाहीत असे निघाले. नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली, मुलाचे आईवडीलही आरोपी झाले. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु ते वृत्त वाचताना मी ३१ डिसेंबरच्या रात्रीप्रमाणेच खाली मान घातली. माझा टाकलेला शब्द आणि बदललेली बाटली यांत अंतर पुष्कळ आहे. रस्ता मात्र एकच आहे.

विम्याविषयी पुष्कळांचा समज असा, की केसपेपरवर ओळ नसली आणि रक्त तपासले नसले, म्हणजे दावा सुरक्षित. हा समज सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये मोडीत काढला. दिल्लीत इंडिया गेटजवळ डिसेंबर २००७ मध्ये एका कंपनीची पोर्शे मोटार पदपथावर आदळून नष्ट झाली होती. रक्ताची चाचणी नव्हती; श्वासाला मद्याचा वास असल्याची वैद्यकीय नोंद होती. विम्याच्या करारापुरते मद्याचा अंमल इतर पुराव्यांवरूनही ठरवता येतो, असे सांगून न्यायालयाने विमा कंपनीची बाजू मान्य केली. गाडीच्या विम्यात, वैयक्तिक अपघात विम्यात आणि आरोग्य विम्यातही मद्यासंबंधी अपवादाची कलमे असतात. आपण हप्ता भरतो, कलमे वाचत नाही. या अंकाच्या निमित्ताने कपाटातील पॉलिसी काढून तेवढे एक पान वाचावे, ही विनंती.

आपल्या भागातील असंख्य लोक लोकलने जातात. प्रवासी गाडीतून पडून दगावल्यास रेल्वे आठ लाख रुपये भरपाई देते; पण रेल्वे कायद्याच्या कलम १२४ अ मध्ये नशेच्या अवस्थेतील स्वतःच्या कृतीला भरपाई नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. घरचा कमावता माणूस जातो, आणि त्याच्या मागे ही ओळ राहते.

नोकरांच्या भरपाईचे काय? १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली तरतूद अशी, की कामगाराची इजा थेट त्याच्या नशेमुळे झाली असेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही. मात्र मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ही सबब चालत नाही. आमच्या दिवाणजींना अर्धे कलम पाठ होते. शिवाय दुपारी पैसे कोणी दिले आणि सायंकाळी शिडीवर कोणी चढवले, हे कोणत्याच कलमात विचारलेले नाही. ते त्या बाईने विचारले.

आपल्या धर्मात मद्य सात व्यसनांत मोजले आहे, हे लहान मूलही सांगेल. पाच प्रमादांच्या यादीतही पहिले नाव मद्याचे आहे, हे मात्र आपण विसरतो. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. हातून हिंसा घडते ती बहुधा त्यातूनच. ‘आमच्या घरात कोणी पीत नाही’ एवढ्यावर आपला हिशेब बंद होत नाही. आपल्या पैशाने पिणे झाले, आपल्या कामासाठी प्यालेला माणूस शिडीवर चढला, तर तो प्रमाद कोणाच्या खाती लिहायचा? आणि आपल्या घरात कोणी पीत नाही, हेही आता शपथेवर सांगण्यासारखे राहिलेले नाही. लग्नाआधीच्या मित्रांच्या मेजवान्या, येऊरच्या बंगल्यांवरील रात्री, व्यवसायाच्या ‘मीटिंगा’, हे सर्व आपल्याच मुलांचे आहे. आपण पाहत नाही, एवढेच.

काय करता येईल? गटारी, होळी, ३१ डिसेंबर या दिवशी रोख वाटणे बंद करावे. द्यायचे ते दिवाळीच्या बोनसात मिळवावे किंवा बँकेच्या खात्यात आठवडाभर आधी जमा करावे. सुट्टी दिल्यानंतर माणसाला परत बोलावू नये. ट्रक रात्रभर उभा राहिला, तर हॉल्टिंगचे पैसे मोजावेत. घरातील तरुणाला स्पष्ट सांगावे : ‘घेतली असलीस तर किल्लीला हात लावू नकोस, मला फोन कर. किती वाजले आहेत ते मी विचारणार नाही, आणि त्या रात्री बोलणारही नाही.’ बोलायचे ते दुसऱ्या दिवशी. फोन करण्याची भीती वाटली की मुलगा गाडी चालवत घरी येतो.

रस्त्यावर कोणी जखमी दिसल्यास १०८ ला फोन करावा. मदत करणाऱ्यास पोलीस किंवा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ मध्ये हे संरक्षण कलम १३४ अ म्हणून कायद्यात आले. अपघात विभागात गेल्यावर काय घेतले, किती, केव्हा, शेवटचे जेवण कधी झाले, कोणती औषधे चालू आहेत, हे विचारण्यापूर्वीच खरे सांगावे. डोक्याला मार लागलेल्या माणसाला ‘झोपू द्या’ असे आपल्या बुद्धीने ठरवू नये.

आणि ती रात्र वाया जाऊ देऊ नये. अमेरिकेत सिएटल येथील एका रुग्णालयात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग असा : मद्याच्या सवयीतून जखमी झालेल्यांशी, ते खाटेवर असतानाच, अर्धा तास शांतपणे बोलायचे, उपदेश नाही, धाक नाही. पुढील वर्षभरात अशा रुग्णांचे पुन्हा जखमी होऊन येण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी दिसले. माणूस प्लास्टरमध्ये असताना जे ऐकतो, ते बरा झाल्यावर ऐकत नाही. आपल्याकडे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा ठिकठिकाणी भरतात, आणि १४४४६ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक विनामूल्य आहे. दार ठोठावण्यात कमीपणा नाही.

शेवटी दोन्ही वह्यांची बाकी सांगतो. परिचितांच्या मुलाचा गाडीचा दावा नाकारला गेला. वडिलांनी दुरुस्तीचे बिल स्वतः भरले आणि त्याविषयी ते कोणापाशीही तक्रार करीत नाहीत. मुलगा काठीशिवाय चालतो, आणि रात्री रिक्षाने घरी येतो.

कल्याणचा तो माणूस जिवंत आहे. उजव्या हाताची पकड पूर्वीसारखी राहिली नाही. माझ्या स्नेह्यांनी त्याला गोदामातून काढून बिलांच्या टेबलाशी बसवले आहे. रुग्णालयाचा खर्च त्यांनी केला, पगार एक दिवसही थांबवला नाही. दिवाणजींनी एकदा तो कागद काढला होता, त्यावरील ती ओळ दाखवण्यासाठी. शेठजींनी तो घेऊन गल्ल्याच्या खणात ठेवला.

पुढचा आषाढ जवळ येतो आहे. यंदा अमावास्येला गोदाम दुपारी बंद होईल आणि रात्री कोणताही ट्रक आला, तरी उघडणार नाही, अशी पाटी त्यांनी आताच लिहून ठेवली आहे. त्या बाईच्या प्रश्नाला ते उत्तर नाही. पण पुन्हा तो प्रश्न कोणी विचारू नये, एवढी तजवीज त्यांनी केली आहे. आपल्यापैकी ज्यांच्या पेढीवर शिडी आहे, त्यांनी ती करावी.